प्रश्न विचारणारी पंडिता

सकाळच्या पॅसेंजरने दरेकसा स्टेशनवरून गोंदियाला शिकायला येणाऱ्या आम्हा विद्यार्थ्यांच्या डब्यात कधी कोणता विषय निघेल याचा नेम नसतो. गेल्या हिवाळ्यात एक दिवस एका मित्राच्या पिशवीतून एक लहानशी पुस्तिका निघाली. ते बायबलमधील लूककृत शुभवर्तमान होते. आमच्या डब्यात गोंड, पोवार, महार, कुणबी अशा सर्व समाजांतील मुले. ख्रिस्ती मात्र एकही नाही. तेव्हा प्रश्नांची नुसती सरबत्ती सुरू झाली. बायबल हा एकच ग्रंथ की अनेक ग्रंथ? तो येशूने लिहिला काय? एकाच माणसाची चार चरित्रे कशाला? आणि ते विहिरीवरचे शोमरोनी बाईचे प्रकरण काय आहे? सालेकसा गेले, आमगाव गेले, प्रश्न संपले नाहीत. उत्तर मात्र एकालाही देता आले नाही.

कॉलेजात आल्यावर आमच्या इतिहासाच्या सरांना आम्ही गाठले. ते हसले आणि म्हणाले की या पुस्तिकेवरून प्रश्न विचारणारे तुम्ही काही पहिले नव्हेत; शंभरावर वर्षांपूर्वी एका मराठी स्त्रीच्या हाती हेच लूकचे पुस्तक पडले होते, आणि तिने जे प्रश्न विचारले ते आधी वाचा. ती स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांचे चरित्र आपण शाळेत चार ओळींत शिकतो : विदुषी, शारदा सदन, धर्मांतर, संपले. पण सरांच्या सांगण्यावरून मी जे वाचले त्यातून मला निराळ्याच रमाबाई दिसल्या. जन्मभर प्रश्न विचारणारी आणि शेवटी तो प्रश्न विचारण्याचा हक्क निरक्षर बायकांच्या हाती देऊन गेलेली बाई मला दिसली. तीच या लेखात वाचकांपुढे ठेवीत आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. हा भाग आज कर्नाटकात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित. त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकविले. स्त्रीला देवभाषा शिकविणे हा त्या काळी गुन्हाच. शास्त्रीबोवांना त्याबद्दल धर्मसभेपुढे जाब द्यावा लागला. त्यांनी तो शास्त्राधारे दिला. पुढे लक्ष्मीबाईंनी पहाटे उठून धाकट्या रमेला मांडीवर घेऊन संस्कृत पाठ दिले. हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी पायी हिंडत असे. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळाने त्यांना गाठले. भीक मागणे शास्त्रीबोवांच्या स्वभावात नव्हते, आणि अंगमेहनतीचे काम तर कोणी शिकविलेच नव्हते. प्रथम वडील गेले, मग आई, पाठोपाठ थोरली बहीण. मागे राहिली ती रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास. उपाशीतापाशी हजारो मैल चालत हे दोघे १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचले.

कलकत्त्याच्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली. भागवत तिच्या मुखोद्गत होते. पंडित थक्क झाले. पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या तिला मिळाल्या. याच शहरात बायबलशी रमाबाईंची पहिली गाठ पडली, आणि ती गाठ मोठी गमतीची आहे. बहीणभावांना एका ख्रिस्ती मेळाव्याचे बोलावणे आले. तेथील मंडळी खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकून डोळे मिटून बसलेली पाहून या दोघांना वाटले की हे लोक खुर्च्यांनाच नमस्कार करीत आहेत. निघताना त्यांना संस्कृत भाषेतील बायबल भेट मिळाले. संस्कृतात पारंगत असलेल्या रमाबाईंनी ते उघडून पाहिले. पण त्यातील भाषा त्यांच्या ओळखीची नव्हती आणि विचारही नव्हता. वाचण्यात वेळ घालविणे व्यर्थ वाटून त्यांनी ते बाजूस ठेवले. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. उत्तम संस्कृत जाणणाऱ्या बाईला संस्कृत बायबल परके वाटले. पुढच्या सर्व कथेची ही नांदी आहे.

ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेद वाचण्यास सुचविले. पडदानशीन स्त्रियांपुढे व्याख्याने देण्यासाठी रमाबाई धर्मशास्त्रेही वाचू लागल्या होत्या. त्या ग्रंथांची आपापसांत शंभर मते. परंतु स्त्री स्वभावतः वाईट आहे आणि पुरुषाप्रमाणे तिला मोक्षाचा अधिकार नाही, या दोन गोष्टींवर मात्र सर्वांचे एकमत असल्याचे त्यांना आढळले. येथे त्यांच्या मनात पहिला मोठा प्रश्न उभा राहिला.

१८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी जूनमध्ये रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. तो भिन्न जातीचा, भिन्न प्रांताचा. आसाम-बंगालच्या सीमेवरील सिल्चर गावी त्यांचा संसार मांडला गेला. तेथे नवऱ्याच्या पुस्तकांत त्यांना एक बंगाली पुस्तिका सापडली. तीच ती लूकची पुस्तिका! संस्कृतातले बायबल ज्यांनी मिटून ठेवले होते, त्यांनी हे साध्या बंगालीतले पुस्तक मात्र वाचून काढले. अॅलन नावाचे एक बॅप्टिस्ट पाद्री घरी येऊन त्यांना उत्पत्तीच्या पुस्तकातील सृष्टीची कथा समजावून सांगत. नवऱ्याला हे फारसे रुचत नव्हते. परंतु प्रकरण पुढे जाण्यापूर्वीच, ४ फेब्रुवारी १८८२ रोजी, बिपिनबाबू पटकीने वारले. विवाहाला पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. मनोरमा नावाची दहा महिन्यांची मुलगी तेवढी पदरात उरली.

येथे आमच्या डब्यातल्या पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे देऊन टाकतो. बायबल हा एक ग्रंथ नसून ग्रंथांचा संग्रह आहे. प्रॉटेस्टंट पंथीयांच्या बायबलात जुन्या करारातील ३९ आणि नव्या करारातील २७ अशी ६६ पुस्तके येतात. रोमन कॅथलिकांच्या जुन्या करारात आणखी काही आहेत. जुना करार मुख्यतः इब्री म्हणजे हिब्रू भाषेत आणि नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला. येशूने स्वतः एकही पुस्तक लिहिलेले नाही. त्याच्या चार चरित्रांस शुभवर्तमाने म्हणतात. मत्तय, मार्क, लूक आणि योहान अशी त्यांची नावे परंपरेने चालत आली आहेत. चार निरनिराळ्या मंडळ्यांसाठी, निरनिराळ्या वेळी ती लिहिली गेली, म्हणून एकाच प्रसंगाचे तपशील त्यांत भिन्न दिसतात. आपल्याकडे एकाच संताची चरित्रे दोघा-तिघांनी लिहिली तर जसे होते तसेच हे. या चौघांत लूकचे एक वैशिष्ट्य असे की त्यात विधवा पुनःपुन्हा भेटतात. मंदिरात राहणारी वृद्ध हन्ना, एकुलता एक मुलगा गमावलेली नाईन गावची विधवा, अन्यायी न्यायाधीशाचा पिच्छा न सोडणारी विधवा, दानपेटीत आपल्या दोन दमड्या टाकणारी विधवा. चोविसाव्या वर्षाच्या आत विधवा झालेल्या बाईच्या हाती नेमके हेच पुस्तक आले होते.

१८८२ मध्ये रमाबाई पुण्यास आल्या. आर्य महिला समाज स्थापिला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले, हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर तयार करण्याची मागणी केली. ख्रिस्ती झालेले पंडित नीळकंठशास्त्री गोरे यांच्याशीही त्यांची चर्चा होई. पुढच्याच वर्षी डॉक्टरकी शिकण्याच्या हेतूने मुलीला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील सिस्टर्सच्या मठात राहिल्या.

या सिस्टर्सचे लंडनमधील फुलहॅम भागात एक घर होते. समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांना तेथे आश्रय देऊन त्यांची शुश्रूषा होत असे. आपल्याकडे अशा बाईची सावलीही कोणी घेत नाही हे पाहिलेल्या रमाबाईंना त्याचे नवल वाटले. हे लोक असे का वागतात, असा सरळ प्रश्न त्यांनी एका सिस्टरला केला. सिस्टरने उत्तरादाखल योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय उघडला. त्या अध्यायात येते ती विहिरीवरची शोमरोनी स्त्री.

ही स्त्री कोण, हा आमचा चौथा प्रश्न. यहुदी लोकांच्या उत्तरेकडील राज्याचा इसवी सनापूर्वी ७२२ च्या सुमारास अश्शूरी लोकांनी पाडाव केला. तेथे मागे राहिलेल्या लोकांत बाहेरून आणून वसविलेले लोक मिसळले, आणि त्यांचेच वंशज ते शोमरोनी, असे यहुदी मानीत. शोमरोनी लोकांचा पवित्र डोंगर वेगळा, शास्त्राचा संग्रह वेगळा. यहुदी त्यांच्याशी भांड्याकुंड्यांचा व्यवहार टाळीत. भर दुपारी एकटीच पाणी भरायला आलेल्या अशा बाईजवळ येशू पाणी मागतो. यहुदी असून हा आपल्या हातचे पाणी कसा मागतो, याचे तिलाच आश्चर्य वाटते. महाडच्या चवदार तळ्याची हकीकत जाणणाऱ्या मराठी वाचकाला, पाणी कोणी कोणाच्या हातचे प्यावे या प्रश्नाचे वजन वेगळे समजावून सांगायला नको. त्या बाईचे पाच नवरे झाले होते, म्हणून ती दुराचारी होती असे पुष्कळजण धरून चालतात. मूळ कथेत तसे कोठेही म्हटलेले नाही. नवरे मेले असतील किंवा त्यांनी टाकून दिले असेल. घटस्फोटाचा अधिकार त्या समाजात मुख्यतः पुरुषाच्याच हाती होता, हे आजचे अभ्यासक दाखवून देतात. आणि मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते हे की ही बाई येशूला धर्माचा प्रश्न विचारते : देवाची उपासना आमच्या डोंगरावर करावी की तुमच्या यरुशलेमेत? येशू तिला गप्प बसवीत नाही. उपासनेचे खरेपण स्थळावर नसून अंतःकरणावर असते, अशा आशयाचे उत्तर तो देतो.

स्त्रीला मोक्षाचा अधिकार नाही असे वाचून अस्वस्थ झालेल्या रमाबाईंना या कथेत आपल्या प्रश्नाचे उत्तर दिसले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. त्याआधी थोडेच दिवस त्यांच्यासोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी वाँटेजमध्येच आत्महत्या केली होती. हा आघात सोसून हा निर्णय झाला. महाराष्ट्रात एकच गहजब उडाला. सनातनी तर रागावलेच, सुधारकही दुखावले. महात्मा जोतीराव फुले यांनी मात्र १८८५ साली सत्सार या आपल्या पुस्तिकेत रमाबाईंची बाजू घेतली.

धर्म स्वीकारला म्हणजे प्रश्न संपले, असे मात्र झाले नाही. खरी गंमत पुढेच आहे. चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात शिकत आणि शिकवीत असताना रमाबाईंनी सिस्टर जेराल्डिन व प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी पत्रांतून मोठा वाद मांडला. एकच देव तीन कसा? कुमारीच्या पोटी जन्म ही गोष्ट मानल्यावाचून ख्रिस्ती होता येत नाही काय? चर्चने ठरविलेली प्रत्येक कलमे बायबलात कोठे आहेत? सिस्टर जेराल्डिन यांना नवख्या शिष्येकडून आज्ञापालनाची अपेक्षा होती. रमाबाईंचे म्हणणे असे की एका पुरोहितवर्गाचे जू मी मोठ्या कष्टाने मानेवरून उतरविले, ते दुसऱ्यापुढे पुन्हा मान वाकविण्यासाठी नव्हे; सदसद्विवेकबुद्धी मी कोणाकडे गहाण ठेवलेली नाही. पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवावे की नाही यावर भारतातील बिशपांनी हरकत घेतली, तेव्हाही त्या अशाच भांडल्या. एका क्रूसावरील लॅटिन अक्षरांवरूनही वाद झाला. त्याजागी संस्कृत का नको, ब्राह्मणांना संस्कृतची जशी ओढ तशीच तुम्हाला लॅटिनची आहे काय, असे त्यांनी विचारले. प्रश्न टोचणारा होता आणि तो दोन्हीकडे टोचणारा होता.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियास गेल्या. अमेरिकेत इंग्रजीत उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरचे पुस्तक लिहून आणि गावोगाव व्याख्याने देऊन त्यांनी विधवाश्रमासाठी पैसा उभा केला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर अशी मंडळी सल्लागार होती. धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई या याच सदनाच्या विद्यार्थिनी. परंतु रमाबाईंच्या प्रार्थनेस मुली बसतात, यावरून केसरीने टीका चालविली आणि १८९३ मध्ये सल्लागारांनी अंग काढून घेतले. अनेक पालकांनी मुली नेल्या. आपण कोणास बोलावीत नाही आणि आलेल्यास हाकलीतही नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती. धर्मनिरपेक्ष म्हणून पैसा घेतलेल्या संस्थेत हे योग्य होते काय, हा प्रश्न त्या वेळच्या सुधारकांनी विचारला तो अगदीच गैरवाजवी होता असे मला म्हणवत नाही. प्रश्न विचारणाऱ्या व्यक्तीलाही प्रश्न विचारले जातातच.

१८९६ च्या अखेरीस मध्यप्रांतात दुष्काळ पडला. आज आपला गोंदिया जिल्हा वेगळा आहे. १९९९ पर्यंत तो भंडारा जिल्ह्यात होता, आणि त्या काळी भंडारा जिल्हा या मध्यप्रांतातच मोडत असे. वीस-बावीस वर्षांपूर्वी आपल्या आईबापांना भुकेने मरताना पाहिलेल्या रमाबाई घरी बसू शकल्या नाहीत. मध्यप्रांतात फिरून त्यांनी सुमारे तीनशे अनाथ मुली व विधवा सोबत आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्याने त्यांना केडगावच्या माळावर नेण्यात आले. तेथेच मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर ही संख्या सुमारे दोन हजारांवर गेली. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना अशी कामे बायकाच करीत.

आता सदनाचे रूप बदलले होते. शारदा सदनात आलेल्या मुली बहुतेक उच्चवर्णीय. केडगावास आल्या त्या बहुतेक कष्टकरी, आदिवासी आणि शेतकऱ्यांच्या मुली. निरनिराळ्या बोली बोलणाऱ्या, पाटीला कधी हात न लावलेल्या. त्यांच्यापुढे मराठी बायबल वाचले की संस्कृतप्रचुर शब्दांवर त्या अडत. याचा अर्थ काय, असे विचारायलाही त्यांना जमत नसे. कारण प्रश्न विचारायला आधी निम्मे तरी कळावे लागते. मराठीत बायबल नव्हते असे नाही. विल्यम कॅरी यांनी सेरामपूरहून १८११ मध्ये नवा करार मराठीत आणला होता आणि पुढे मुंबईच्या मिशनऱ्यांनी सबंध बायबल छापले होते. पण ती भाषा पंडितांच्या मदतीने घडलेली होती. कलकत्त्यात संस्कृत बायबल मिटून ठेवणारी आणि सिल्चरला साध्या बंगालीत लूक वाचणारी रमाबाई येथे पुन्हा जागी झाली.

पन्नाशीच्या आसपास, कानांनी ऐकू येणे कमी होत असताना, त्यांनी इब्री आणि ग्रीक भाषा हाती घेतल्या. इब्री भाषेचे व्याकरण मराठीत तयार केले. मूळ भाषांवरून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत उतरविण्यास त्या बसल्या. एकेका शब्दासाठी त्या अडून बसत. जात्यावर बसणाऱ्या बाईला कळेल तोच शब्द घ्यायचा, हा त्यांचा दंडक. आश्रमातल्या मुलींनीच खिळे जुळविले, यंत्रे चालविली, कागद दुमडले. एका व्यक्तीने, त्यातून एका स्त्रीने, सबंध बायबलाचा अनुवाद करावा अशी उदाहरणे जगात फार थोडी. अमेरिकेतील जूलिया स्मिथ यांचे इंग्रजी भाषांतर १८७६ मध्ये निघाले होते. त्या पंक्तीत आपली ही मराठी बाई बसते.

काम चालू असता २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा वारली. चाळीस वर्षे सावलीसारखी सोबत असलेली आणि आपल्यामागे आश्रम चालवील अशी आशा असलेली ती एकुलती मुलगी. रमाबाईंनी डोळे पुसले आणि पुन्हा प्रुफे पुढे ओढली. शेवटची प्रुफे तपासून झाली आणि ५ एप्रिल १९२२ च्या पहाटे त्यांनी देह ठेवला. ग्रंथ १९२४ मध्ये पूर्ण छापून निघाला. तो पाहण्यास त्या राहिल्या नाहीत.

हे भाषांतर पुढे चर्चमधून फारसे रूढ झाले नाही. मूळ शब्दाला फार घट्ट धरून राहिल्यामुळे वाक्ये कोठे कोठे अडखळतात. मग एवढा खटाटोप व्यर्थ गेला काय? मला तसे वाटत नाही. ज्या बापाने बायकोला देवभाषा शिकविली म्हणून धर्मसभेपुढे जाब दिला, त्याच्या मुलीने धर्मग्रंथच देवभाषेच्या उंबरठ्यावरून खाली, चुलीपाशी आणून ठेवला. बापाने एका स्त्रीला शास्त्रापर्यंत नेले. मुलीने शास्त्राला स्त्रियांपर्यंत नेले. त्या शास्त्रावर आपला विश्वास असो वा नसो, यातील मोल कमी होत नाही.

आमच्या डब्यातील कित्येकांच्या घरी गोंडी बोलतात, कोणाच्या घरी छत्तीसगढी, कोणाच्या पोवारी. कचारगडच्या यात्रेत आजीने सांगितलेल्या गोष्टी आम्हाला लगेच कळतात. पाठ्यपुस्तकातले मराठी मात्र दोनदा वाचावे लागते. वर्गात आम्ही प्रश्न विचारीत नाही म्हणून आम्ही मठ्ठ ठरतो. खरे कारण केडगावच्या त्या मुलींचेच आहे. म्हणून आमच्या गुरुजनांना एक विनंती करावीशी वाटते, आणि उद्या शिक्षक होणाऱ्या माझ्या मित्रांनाही : विद्यार्थ्याने प्रश्न विचारावा अशी इच्छा असेल, तर आधी उत्तराची भाषा त्याच्या घराजवळ आणावी.

ती लूकची पुस्तिका अजून आमच्या डब्यात फिरते आहे. कडा दुमडल्या आहेत, मुखपृष्ठ सुटले आहे. परवा परतताना, दरेकसा स्टेशन जवळ आल्यावर, आजवर गप्प बसणाऱ्या एका मैत्रिणीने ती मागून घेतली आणि शोमरोनी बाईचे नाव काय होते, असे विचारले. मूळ कथेत तिचे नावच दिलेले नाही, असे मी सांगितले. का दिले नाही, असे तिने लगेच विचारले. त्याचे उत्तर मला आले नाही. पण प्रश्न ऐकून फार बरे वाटले.